प्लस बॉडीला

१

बगळीच्या पुढच्या बंपरला निळ्या सुताचा गुंता अडकला होता, आणि त्या एवढ्याशा सुताला उस्तादची जन्मभराची अब्रू लोंबकळत होती.

बगळी म्हणजे घरातली जुनी पांढरी गाडी. लांब नाक, गोल डोळे, आणि चालताना अंग सावरून पाऊल टाकल्यासारखी ऐट. घरचे मालक होते तोवर ती रोज पुसली जायची, रोज फिरायची. ते गेले आणि ती शेडमध्ये बसली. आता तर तिचा सौदाही ठरला होता. घेणारा माणूस एकदोन दिवसांत न्यायला येणार होता. तेवढ्यात हे घडलं.

आदल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, चौकापलीकडच्या शिंपीणबाई रिळांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. गाडीची धडक बसली, बाई पडल्या, रिळं रस्ताभर झाली. गाडी क्षणभर थांबली आणि निघून गेली. "चालवणारं कोण ते दिसलं नाही," पाय प्लास्टरमध्ये घालून घेताना शिंपीणबाईंनी सांगितलं, "पण ते गोल दिवे आणि ते पांढरं नाक मी झोपेतसुद्धा ओळखेन."

तशी गाडी आसपास एकच. आणि तिला बॅटरी लावणारा माणूसही एकच, घरचा जुना ड्रायव्हर उस्ताद.

"तुम्हीच सांगा, वन्सं," घरच्या बाई नणंदेला म्हणाल्या, "बॅटरीशिवाय गाडी हलते का? शेडची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते, ती कोणीही उचलेल. पण बॅटरी उस्ताद काढून ठेवतो लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या पट्ट्याला. दुसऱ्या कोणाकडे नाही. फौजदार दुपारी येतायत. फोनवर मी त्याचं नाव सांगितलंय, आता लिहून देणार आहे."

नणंद म्हणजे आत्या. सगळं घर तिला आत्याच म्हणायचं. विमा कंपनीत ठोकरलेल्या गाड्या तपासण्यात तिची सारी नोकरी गेली होती. आवाज असा की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. पण त्याच आवाजात तिने भल्याभल्यांचे खोटे दावे परत पाठवले होते.

"दुपारी ना?" आत्या म्हणाली. "मग तोवर पुन्हा कोणाचं नाव घेऊ नका, वहिनी. आणि बगळीला कोणी हात लावायचा नाही."

शेडच्या दाराशी उस्ताद बसला होता. मान ताठ, हात मांडीवर. सकाळपासून त्याने चहालासुद्धा हात लावला नव्हता.

"उस्ताद, काल गाडी तुम्ही नेलीत?"

"नाही."

"मग कोणी नेली?"

"ते मला माहीत नाही. नेली नाही हे एकदा सांगितलं, ताई. पुन्हापुन्हा सांगायला मी काय पोपट आहे?"

"पोपट नाही, पण फुगलेलं कबूतर दिसताय," आत्या म्हणाली. "उठा. बॉनेट उघडा."

बॉनेट वर गेलं आणि आत्या जागच्या जागी थांबली. इंजिन गार होतं, बॅटरीची जागा रिकामी होती. तरी आतून काहीतरी जळाल्याचा वास येत होता.

२

वास येत होता तो आडव्या पत्र्यावरच्या एका काळ्या डबीतून. तिला कटआउट म्हणतात. इंजिन चालू झालं की डायनॅमो वीज तयार करतो आणि कटआउट ती बॅटरीकडे सोडतो. एवढंच तिचं काम, दारावरच्या राखणदारासारखं. उस्तादने झाकण काढलं. आतले वीज जोडणारे दोन्ही पॉइंट काळेठिक्कर पडले होते.

"परवा मी हे साफ केले होते," तो पुटपुटला. मघाची मान आता खाली आली होती. "आरशासारखे होते."

आत्याने बॅटरीकडे येणाऱ्या दोन वायरी हातात घेतल्या. दोन्हींवर जुनं काळं कापड गुंडाळलेलं. रंगावरून ओळखावं असं काही नाही. पण टोकांच्या कड्या, म्हणजे क्लॅम्प, वेगळे होते. एक रुंद, एक अरुंद. कारण बॅटरीची दोन टोकंही सारखी नसतात. प्लसचं टोक जाड, मायनसचं बारीक.

"जाड क्लॅम्प कुठल्या वायरला आहे, उस्ताद?"

"बॉडीला जाते त्या. बगळीत प्लस बॉडीला. आताच्या गाड्यांच्या उलटं. त्या काळी तशाच बनवायचे."

"आणि हे काय?" आत्याने अरुंद क्लॅम्प उजेडात धरला. आतल्या कडेला ताजे, चकचकीत ओरखडे होते. पेचकस घालून कोणीतरी तो फाकवला होता.

आत्याने पिशवीतून आपलं जुनं मीटर काढलं. मधोमध शून्य आणि दोन्हीकडे हलणारा काटा, असं ते मीटर निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने घड्याळाऐवजी दिलं होतं, तिनेच मागून घेतलं म्हणून.

"डायनॅमोचा पट्टा काढा. पुली ड्रिलने जोरात फिरवू. बॅटरी नसली तरी डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. ज्या बाजूने शेवटची बॅटरी लागली असेल, त्या बाजूचं."

"म्हणजे लोखंडाला आठवतं म्हणा ना."

"माणसांपेक्षा बरं आठवतं."

मीटरची एक वायर तिने बॉडीला लावली, दुसरी डायनॅमोच्या टोकाला. बगळीत काटा डावीकडे जायला हवा होता. ड्रिल घरघरलं, पुली फिरली.

काटा थरथरला आणि सरळ उजवीकडे गेला.

"उलटी!" उस्ताद एवढ्या जोरात ओरडला की बाहेरचे कावळे उडाले. "मायनस बॉडीला? बगळीला? कोण तो गाढव?" इतका वेळ फौजदाराचं नाव ऐकून ढिम्म न हललेला माणूस आता रागाने लटपटत होता. "मालकांनी मला पहिल्या दिवशी काय शिकवलं? सगळं विसर, पण प्लस बॉडीला हे विसरू नकोस!"

"हळू," आत्या म्हणाली. "हे आपल्या दोघांतच ठेवा. म्हणजे कालची बॅटरी तुमच्या कपाटातली नव्हती. बाहेरून आली आणि परत गेली. उस्ताद, या घरात कोणत्या गाडीची बॅटरी बगळीत बसेल?"

"बाईंच्या थोरल्या मुलाच्या गाडीची नाही, ती मोठी आहे, त्या जागेत मावणारच नाही." तो थांबला. त्याची नजर अंगणापलीकडच्या मागच्या बंगलीकडे गेली. तिथे धाकटी लेक आणि जावई राहत होते, आणि दारात त्यांची निळी गाडी उभी होती.

३

जावईबापू गाडीची काच पुसत होते. या गृहस्थांना दोन नाद. एक घड्याळांचा, एका मनगटावर दोन बांधत नसत एवढंच. दुसरा व्याख्यानाचा, विषय कुठलाही चालायचा.

"या आत्याबाई! वाईटच झालं हो. पण मला आश्चर्य नाही वाटत. म्हातारपणी नजर अधू होते. उस्तादने कबूल करून मोकळं व्हावं."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. वरच्या खोलीत एक घड्याळ खोलून बसलो होतो. बारीक काम, मान वर करायची सोय नाही. ही खाली होती. गाडी जागेवरच होती."

"पाहिली होती?"

"ऐकली नाही ना जाताना, म्हणजे होती."

आत्या खिडकीतून आत वाकली. "तुमच्यासारख्या माणसाच्या गाडीतलं घड्याळ चुकावं, म्हणजे कमाल आहे."

"अशक्य!" जावईबापू हसले, मनगटाकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि हसू विरलं. मनगटावर दहा वाजत होते. गाडीतल्या घड्याळात अडीच.

"हे कोणी केलं? परवाच मी सेकंदावर लावलं होतं!" त्यांनी घाईघाईने बटणाकडे बोट नेलं.

"राहू दे तसंच," आत्याने त्यांचं मनगट अलगद धरलं. "मला एक सांगा. बॅटरी काढून परत लावली की हे घड्याळ कितीपासून चालू होतं?"

"बारापासून. पण बॅटरी कोण काढेल? चांगली नवी तर आहे."

बारापासून अडीच. दहातून मागे मोजलं की साडेसात येतात. सकाळचे असतील किंवा कालचे संध्याकाळचे. पण आज सकाळी साडेसातला घरातलं झाडून सगळं माणूस शेडसमोर उभं होतं. मग राहिली कालची संध्याकाळ, म्हणजे शिंपीणबाई पडल्या त्यानंतर थोड्याच वेळाने.

तेवढ्यात बंगलीच्या दारात धाकटी आली. आत्याच्या हातात नवऱ्याचं मनगट पाहून म्हणाली, "काय गं आत्या, नाडी बघतेस की काय यांची?"

"घड्याळ बघत होते," आत्या म्हणाली.

धाकटीचं हसू किंचित उशिरा आलं.

४

फौजदार यायला अजून अवकाश होता. आत्याने उस्तादच्या कपाटातली बॅटरी शेडमध्ये आणवली, बगळीत तिच्या जागी ठेवायला लावली, फाकवलेला क्लॅम्प पुन्हा पहिल्यासारखा आवळून घेतला आणि उस्तादला बाहेर पाठवलं. जाता जाता त्याला एवढंच म्हणाली, "काहीही ऐकू आलं तरी आत यायचं नाही. जीभ चावून धरा."

पहिल्यांदा तिने थोरल्याला बोलावलं. हा वहिनीचा मोठा मुलगा. दिवसभर कंप्युटरपुढे, घरातला दिवा गेला तरी बायकोला हाक मारणारा.

"फौजदारांना गाडी चालू करून दाखवायची आहे. ही बॅटरी तेवढी जोडून दे रे."

"मी? आत्या, मला तर पंक्चर कुठल्या चाकाला झालंय तेही दाखवावं लागतं."

"जमेल तसं कर. मी थांबवते चुकलास तर."

थोरल्याने दोन्ही वायरी उचलल्या, एक इकडे लावून पाहिली, एक तिकडे. अरुंद क्लॅम्प जाड टोकावर बसेना, तेव्हा त्याने तो बारकावर ठेवला आणि जाडावर जाड. "हे इथे बसतं, म्हणजे इथलंच असणार. बरोबर?"

"बरोबर," आत्या म्हणाली. "काढ, आणि जा."

जावईबापू आले ते बोलतच. "थांबा, थांबा! ही पॉझिटिव्ह अर्थिंगची गाडी. आमच्या क्लबात मी यावर तासभर बोललोय. प्लस बॉडीला! लोकांना पटत नाही, पण त्यामागचं कारण असं—"

"कारण दुपारी ऐकते. तुम्ही जोडलंत कसं, ते पाहिलं. छान."

मग धाकटी आली. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बगळीचं स्टिअरिंग धरलेली पोर. पुढे गाडी चालवायलाही याच शेडमधून शिकली. वडील गेल्यापासून मात्र तिने बगळीला हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. सौदा ठरला त्या दिवशी ती जेवली नव्हती, एवढंच.

"जोडायची? त्यात काय," ती म्हणाली. हात सराईत होते. तिने एक वायर उचलली, बोटांनी चाचपत मागे मागे गेली, ती बॉडीला बोल्टने आवळलेली दिसल्यावर मान हलवली. "ही बॉडीची. म्हणजे मायनस." रुंद क्लॅम्प तिने मायनसच्या बारीक टोकावर सोडला. तो ढिला बसला. मग दुसरा उचलला, प्लसवर दाबला. तो जाईना.



धाकटीने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या फळीवरच्या डब्यामागे हात घातला, पेचकस काढला, आणि क्लॅम्पच्या फटीत त्याचं टोक घातलं. अगदी त्या चकचकीत ओरखड्यांवर.

"बस्स," आत्याने तिचा हात धरला. "वहिनींना बोलव."

५

शेडचं दार लोटून घेतलं. आत तिघीच.

"वहिनी, बॅटरी कोणी लावली हे मला कळलंय. तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते." आत्याने मीटर, क्लॅम्प आणि काळे पडलेले पॉइंट दाखवले. डायनॅमोचं लोखंड काय सांगतं ते सांगितलं. निळ्या गाडीतलं घड्याळ सांगितलं. "काल बगळीला निळ्या गाडीची बॅटरी लागली, आणि उलटी लागली. तशी लागली तरी इंजिन चालू होतं, दिवे लागतात. फक्त कटआउट आतल्या आत जळतो. त्यामुळे लावणाऱ्याला चूक कळलीच नाही."

"मुद्दाम उस्तादनेच उलटी लावली असेल. आपल्यावर येऊ नये म्हणून."

"मग सकाळीच त्याने ते ओरडून सांगितलं असतं. खोटा पुरावा ठेवणारा माणूस तो दुसऱ्याला सापडेपर्यंत उपाशी बसून राहत नाही. डायनॅमो पाहायचं मला सुचलं, त्याला नाही."



"आता निळी गाडी दोघांची. जावई की लेक? जावयांना प्लस बॉडीला हे पाठ आहे; ते अर्ध्या झोपेत उठले तरी बरोबर लावतील, वर तासभर बोलतील. शिवाय त्यांनी बॅटरी काढली असती तर घड्याळ चुकीची वेळ दाखवत राहिलं असतं का? आणि थोरल्याला काहीच कळत नाही, म्हणून त्याने जाडावर जाड ठेवलं, तेही बरोबरच लागलं. ज्याला सगळं कळतं तो चुकत नाही, आणि ज्याला काहीच कळत नाही तोही इथे चुकत नाही. चुकणार कोण? ज्याला बॉडीची वायर शोधता येते, बॉडीला मायनस हे पक्कं माहीत आहे, आणि क्लॅम्प बसत नसला तरी स्वतःवरचा विश्वास ढळत नाही. असं माणूस क्लॅम्पलाच वाकवतं."

धाकटी चाकाशी खाली बसली होती. तिने गुडघ्यांत तोंड घातलं.

"शेवटची एक फेरी मारायची होती," ती म्हणाली. "उस्तादला विचारलं असतं तर आईला कळलं असतं, आणि आई नाही म्हणाली असती. बाबांसारखी गावाबाहेर नेली. किती छान चालत होती आत्या... परत येताना त्या मध्येच आल्या. मी थांबले होते. खरंच थांबले होते. त्या ओरडत होत्या. मला वाटलं, कोणीतरी येईलच."

"आलं. भाजीवाला आला, रिक्षावाला आला," आत्या म्हणाली. "घाबरलीस ते मी समजू शकते. पण आज सकाळी उस्ताद इथे बसला होता, आणि तू त्याच्यासमोर चहाचा कप ठेवलास. तो कप ठेवताना तुझा हात कसा धजावला, ते मला कळत नाही."

बाईंनी आत्याचे दोन्ही हात धरले. नवरा गेला तेव्हाही त्या अशा बोलल्या नव्हत्या. "वन्सं, पाया पडते तुमच्या. तिचा संसार आहे. उस्ताद एकटा माणूस, ना मागे कोणी ना पुढे. वकील मी देईन, शिंपीणबाईंचा सगळा खर्च मी करीन. तुम्ही फक्त गप्प बसा. तुमच्या भावाची लेक आहे ती."

"भावाची लेक आहे म्हणूनच बोलणार," आत्या म्हणाली. आवाज तेवढाच हळू. "वहिनी, मागेपुढे कोणी नाही म्हणून ज्याला गिळता येतं, त्याच्या मागे कोणीतरी उभं राहायला हवं. आज मी उभी आहे. फौजदारांनी विचारलं की मी सगळं सांगणार. त्याआधी ती स्वतः बोलली, तर ती कबुली तिच्या नावावर राहील. एवढंच मला देता येतं."

फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

६

फौजदार तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी अंगणातच वही उघडली. एका बाजूला थोरला आणि जावई, दुसऱ्या बाजूला एकटा उस्ताद. मधे सबंध अंगण.

"बाई, सकाळी फोनवर तुम्ही ड्रायव्हरचं नाव घेतलं होतं. तेच लिहू ना?"

बाईंनी तोंड उघडलं. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा उस्तादकडे. आत्या पायरीवर उभी होती. तिने श्वास घेतला.

"माझं लिहा," धाकटी म्हणाली.

ती पायऱ्या उतरून अंगणाच्या मधोमध आली. तिने सगळं सांगितलं. बॅटरी, फेरी, चौक, शिंपीणबाईंचं ओरडणं. एकही वाक्य तिने सोपं करून घेतलं नाही. जावईबापू जाऊन बायकोशेजारी उभे राहिले, तेवढं मात्र त्यांनी न सांगता केलं.

"मग ड्रायव्हरचं काय?" फौजदारांनी विचारलं.

"ते मी सांगते," बाई म्हणाल्या. त्यांना ते जड जात होतं, पण आता मागे फिरायला वाट नव्हती. "मी पाहिलं काहीच नव्हतं. किल्ली त्याच्याकडे, म्हणून माणूस तोच, असं धरून बसले. हे जसंच्या तसं लिहा." मग त्या उस्तादकडे वळल्या. "आणि आत्ता, शेडमध्ये, खरं कळल्यावरही मी तुमचंच नाव घेणार होते. हे लिहू नका, साहेब. हे त्यांच्यासाठी आहे."

"कळलं," उस्ताद म्हणाला.

माफ केलं असं नाही, आणि केलं नाही असंही नाही.

फौजदार म्हणाले, जबाब ठाण्यात येऊन द्यावा लागेल, गाडीही जागेवरच राहील. धाकटीने विचारलं, त्याआधी दवाखान्यात जाऊन येऊ का. फौजदारांनी आत्याकडे पाहिलं, मग मान हलवली. हवालदार सोबत येईल म्हणाले.

धाकटी उस्तादसमोर गेली. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडी कशी धरायची, सगळं त्याने शिकवलं होतं. "उस्ताद," ती म्हणाली.

"आधी त्या बाईंशी बोला," उस्ताद म्हणाला. "चला, मी दाखवतो कुठल्या खाटेवर आहेत. सकाळी मी जाऊन आलोय."

पाळण्यात होती तेव्हापासून तो तिला पोरी म्हणत आला होता. आज तो तिला चला म्हणाला, बोला म्हणाला. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली धाकटी तिथे रडली.

उस्ताद थांबला नाही. पण फाटकाबाहेर पडल्यावर त्याने पावलं आखडती घेतली, ती गाठेल एवढीच.